दोन दिवस, इंग्लंडची खेडी आणि बागा : किती पाहाव्यात?

रानजाई
नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटचा शनिवार-रविवार कसाबसा मोकळा काढलाय. आम्ही तिघं आहोत : मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आमच्या दोघांचा मिळून होईल त्याहून जास्त. इंग्लंडला येऊन दोन वर्षं झाली आणि अजून शहराबाहेरची एकही मोठी बाग पाहिलेली नाही, म्हणून या वेळी फक्त बागा असं ठरवलंय.

मी केलेली यादी : शनिवारी सकाळी हिडकोट, दुपारी किफ्ट्सगेट, संध्याकाळी स्टाउरहेड. रविवारी सिसिंगहर्स्ट आणि ग्रेट डिक्स्टर. यादी बघून नवरा म्हणाला, "ही सहल आहे की टपालाचा फेरा?" तर जाणकारांनी सांगावं, हे जमेल का? नसेल तर काय गाळू?

टिकाव_घमेलं
यादी वाचली, नकाशा उघडला आणि कपाळाला हात लावला.

हिडकोट आणि किफ्ट्सगेट ग्लॉस्टरशरच्या उत्तर टोकाला. स्टाउरहेड विल्टशरच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. सिसिंगहर्स्ट पार केंटमध्ये आणि डिक्स्टर ईस्ट ससेक्समध्ये. बहुतेक बागा पाचच्या सुमाराला दारं लावतात, तेव्हा "संध्याकाळी स्टाउरहेड" म्हणजे फाटकाचं दर्शन. शनिवारी रात्री तिथून केंट गाठायचं म्हणजे अर्धा दक्षिण इंग्लंड गाडीच्या काचेतून.

यादीत तीन वेगळ्या सहली दडल्यात, त्या सुट्या कर. हिडकोट-किफ्ट्सगेट ही एक जोडी, दोन्ही चालत जाण्याइतक्या जवळ. सिसिंगहर्स्ट-डिक्स्टर ही दुसरी. स्टाउरहेड एकटीच, तिचा बाज वेगळा. यातली एक घे आणि बाकीच्या विसर.

पाऊसवेडी
+१. आणि निघायच्या आधी प्रत्येक बागेचे वार आणि वेळा त्यांच्याच संकेतस्थळावर बघ. किफ्ट्सगेट आठवड्याचे सातही दिवस उघडी नसते, डिक्स्टर हिवाळ्यात बंद असते. आम्ही एकदा दोन तास गाडी हाकून एका बागेच्या कुलूपबंद दारासमोर फोटो काढून आलोय. फोटो छान आलाय.

आडवाटेचा_प्रवासी
मी जरा वेगळं बोलतो. गेल्या वर्षी आम्ही दोन दिवसांत पाच बागा केल्या आणि मजा आली. सुट्टी एकदाच मिळते, पुन्हा कधी जाणं होईल कोणास ठाऊक. हिडकोटला आम्हाला पाऊण तास पुरला. खरं सांगू का, हिरव्या भिंती, मग आणखी हिरव्या भिंती. एका बाजूने शिरा, दुसरीने निघा.

टिकाव_घमेलं
@आडवाटेचा_प्रवासी, त्या हिरव्या भिंती हीच तर हिडकोटची गोष्ट आहे. बसा, सांगतो.

१९०७ साली गर्ट्रूड विन्थ्रॉप या श्रीमंत अमेरिकन बाईंनी ही जागा घेतली. मुलगा लॉरेन्स जॉन्स्टन. त्याने शेती बघावी अशी आईची अपेक्षा होती म्हणतात. मुलाने बाग केली. जागा टेकडीच्या माथ्यावर, उघडी, वारा भणाणणारा. तिथे नाजूक झाडं लावली तर महिनाभरात चिंध्या होतील. म्हणून आधी कुंपणं लावली : यू, बीच, हॉली, हॉर्नबीम, बॉक्स. काही ठिकाणी यांतल्या चारपाच जाती एकाच कुंपणात मिसळून, म्हणजे भिंत जवळून बघितली तर गोधडीसारखी दिसते. वारा अडला आणि आत खोल्या तयार झाल्या. एकीत फक्त पांढरी फुलं, एकीत लाल-जांभळ्या पानाफुलांच्या दोन पट्ट्या समोरासमोर, एक खोली जवळजवळ पूर्ण भरून टाकणारा गोल हौद, आईच्या नावाची एक पिवळ्या फुलांची. आणि या सगळ्या गर्दीनंतर अचानक एक लांबच लांब गवताची वाट, दोन्हीकडे हॉर्नबीम, फुलाचा पत्ता नाही, टोकाला एक फाटक आणि त्यापलीकडे आकाश. ती मोकळी वाट खोल्यांच्या नंतर येते म्हणून मोठी वाटते. एका दाराने शिरून दुसऱ्याने निघणाऱ्याला हे कळायचं नाही.

एकूण जागा साडेदहा एकर. फार नाही. पण एका जागी उभं राहून पुढची खोली दिसू नये अशी आखणी आहे, त्यामुळे पाय बरंच चालतात. १९४८ मध्ये जॉन्स्टनने ती नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू आणि जागा जपणाऱ्या संस्थेला, दिली. निव्वळ बागेच्या मोलावर ट्रस्टने स्वीकारलेली ही पहिली मालमत्ता. त्याआधी घरं घेत, बाग घरासोबत आपोआप येई.

जाता जाता : रोपवाटिकेत "हिडकोट" नावाची ठेंगणी गडद लॅव्हेंडर मिळते ना, ती इथलीच.

मोरपिशी
टिकावदादा सुटले की थांबत नाहीत. :) पण मला रानजाईला केंटच्या जोडीकडे ओढायचंय.

सिसिंगहर्स्टला तुम्ही एका संसाराच्या आत शिरता. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरल्ड निकल्सन यांनी १९३० मध्ये ही जागा घेतली तेव्हा एलिझाबेथच्या काळातल्या वाड्याचे तुकडे उभे होते : एक मनोरा, इकडे एक लांबट इमारत, तिकडे एक झोपडीवजा घर. मधे कचरा. व्हिटाचं बालपण नोलच्या प्रचंड वाड्यात गेलं होतं, पण वडील गेल्यावर तो तिला मिळाला नाही, कारण ती मुलगी. काकांकडे गेला. हे डोक्यात ठेवून सिसिंगहर्स्ट बघा.

रेषा नवऱ्याच्या, रंग बायकोचे. हॅरल्ड मुत्सद्दी, त्याला सरळ वाटा, काटकोन, टोकाला पुतळा हवा. व्हिटाला त्या चौकटीतून सगळं उतू जायला हवं. तिने लावलेले गुलाब भिंतीवरून, झाडांवरून, एकमेकांवरून चढतात. बाग बघताना हे भांडण आणि तडजोड दोन्ही दिसतं. १९३८ पासून लोकांसाठी उघडली. तेव्हा प्रवेश एक शिलिंग, म्हणून व्हिटा आलेल्या लोकांना "शिलिंगवाले" म्हणायची, आणि त्यांच्याशी गप्पा मारायला तिला आवडायचंही.

पांढरी बाग १९५० च्या आसपासची. पांढरी फुलं, करडी-रुपेरी पानं, बस. भर दुपारी ती मला जरा फिकी वाटली. खरी ती तिन्हीसांजेला. व्हिटाच्या मनात संधिप्रकाशात त्या बागेवरून तरंगत जाणारं पांढरं घुबड होतं. आपल्याला दिवसाउजेडीच बाहेर काढतात, तर निदान ढगाळ दिवस तरी मागून घ्या. मधल्या मांडवावरचा गुलाब साधारण जुलैच्या सुरुवातीला फुलतो, तुम्हाला कळ्या दिसतील कदाचित.

सासूबाईंसाठी : मनोऱ्याला ७८ पायऱ्या आहेत, वळणाच्या. खालीच बसवा. वरून बागेचा नकाशा मात्र असा उलगडतो की तुम्ही दोघं आळीपाळीने जाऊन याच.

निमित्तमात्र
डिक्स्टरबद्दल कुणी बोललंच नाही. माझी सर्वांत आवडती. घर वास्तुकार लट्यन्सने १९१० नंतर वाढवलं. हो, नवी दिल्लीवाला तोच. तिथल्या राष्ट्रपती भवनामागची बाग (आताचं अमृत उद्यान) पाहिली असेल तर याची भूमिती ओळखीची वाटेल. पण डिक्स्टरला त्या भूमितीला क्रिस्टोफर लॉइडने हसत हसत गुदगुल्या केल्यात. हा त्याच घरात जन्मला, २००६ मध्ये गेला, आयुष्यभर इथेच माती उकरली. १९९३ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, जुनी गुलाबाची बाग उपटून त्याने तिथे केळी, कर्दळी, डेलिया लावले. इंग्लंडमध्ये गुलाब उपटणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्या कामात त्याच्या सोबत होता फर्गस गॅरेट, आजही तिथला मुख्य माळी तोच.

दारातच पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, कापायचं राहिलं बहुतेक. राहिलेलं नसतं. त्या गवतात रानऑर्किड असतात आणि बी पडून जाईपर्यंत विळा लागत नाही.

उंबरठा
मी स्टाउरहेडला गेले होते ऑगस्टमध्ये. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण बाग बाग म्हणतात आणि फुलं कुठायत? तळं, झाडं, देवळं (ज्यात देव नाही), परत तळं. दीड तास चालून मुलगी म्हणाली, "आई, बाग कधी येणार?"

निवांत_काका
उंबरठाताई, तुमच्या लेकीने अगदी मर्मावर बोट ठेवलं. हा प्रश्न अठराव्या शतकातल्या इंग्रजांनी मुद्दाम निर्माण केलेला आहे. :)

त्याआधीच्या बागा म्हणजे फ्रेंच-डच धाटणीच्या : सरळ रेषा, कापलेली झुडपं, कारंजी. तो जमाना बघायचा असेल तर कम्ब्रियातली लेव्हन्स हॉल, तिथली आखणी १६९० च्या दशकातली आणि यूची विचित्र आकारांची झाडं अजून उभी आहेत. पुढे विल्यम केंट, मग लॅन्सलॉट ब्राउन या बागा आखणाऱ्यांच्या काळात फॅशन उलटली. बाग म्हणजे चित्रातला देखावा, असं ठरलं. ब्राउन १७४१ मध्ये स्टो नावाच्या मोठ्या बागेत मुख्य माळी झाला, पुढे देशभर फिरून मालकांना "तुमच्या जागेत शक्यता आहेत" असं सांगायचा, म्हणून त्याचं नावच "केपॅबिलिटी" पडलं. त्याने तळी खणली, टेकड्या हलवल्या, झाडांचे पुंजके पेरले, आणि सगळं इतकं सहज की लोकांना वाटतं निसर्गच आहे. कौतुक करायला माणूसच सापडत नाही.

स्टाउरहेडचा मालक हेन्री होर हा बँकवाल्या घराण्यातला. १७४० च्या दशकात त्याने काम काढलं आणि १७५४ च्या सुमारास दरीतलं पाणी अडवून तळं केलं. तळ्याकाठी फ्लोरा, अपोलो अशी मंदिरं आणि रोमची आठवण म्हणून एक पँथिऑन. गंमत अशी की वाट तुम्हाला तळ्याभोवती नेते आणि प्रत्येक वळणावर समोरच्या काठावरचं काहीतरी दाखवून परत लपवते. गुहेतल्या एका छोट्या खिडकीतून तळं दिसतं, तिथे वाकून बघितलंत ना? फेरी घड्याळाच्या उलट दिशेने करायची. ऑगस्टमध्ये सगळं एकाच हिरव्यात बुडालेलं असतं, म्हणून तुम्हाला चुकल्यासारखं झालं. मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉन नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानगळीचे रंग, या दोनदा जा.

हा-हा माहीत आहे का? घरासमोरच्या हिरवळीवर गाई चरताना दिसतात, मधे कुंपण नाही, तरी गाई येत नाहीत. जवळ गेलं की पायाखाली खंदक, आतल्या बाजूने भिंत बांधलेला. घरातून बघणाऱ्याला दिसत नाही. तो हा-हा. मी पहिला हा-हा जवळजवळ त्यात पडूनच शोधला.

उंबरठा
निवांतकाका, हे आधी वाचलं असतं तर लेकीला उत्तर देता आलं असतं. खिडकी नाही बघितली. :( परत जाणं आलं.

ऋतुगंध
कुणीच न सांगितलेली एक व्यावहारिक गोष्ट. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असेल तर जून हा शत्रू. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत इथे गवत फुलतं. मी पहिल्या वर्षी अप्रतिम रानफुलांच्या कुरणात उभी राहून फक्त शिंकले. आधीच औषध घेऊन ठेवा, गॉगल घाला, आणि शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर जा.

दुसरं : रंगीत छत्री नका नेऊ, इतरांच्या फोटोत येते आणि लोक वाकडं बघतात. (हे अर्धं गमतीत.)

पाऊसवेडी
अर्धं?

पायवाट_धरून
गाडी नसलेल्यांसाठी लिहून ठेवतो, पुढे कुणाला उपयोग होईल. हिडकोटला सर्वांत जवळचं स्टेशन हनीबोर्न, पण मॉर्टन-इन-मार्शला उतरलात तर गाव बरं आणि लंडन पॅडिंग्टनहून थेट गाड्या आहेत, सुमारे दीड तास. सिसिंगहर्स्टला स्टेपलहर्स्ट स्टेशन, तिथून पुढे पाचसहा मैल. स्टाउरहेडला गिलिंगहॅम, पण डॉर्सेटमधलं! केंटमध्येही एक गिलिंगहॅम आहे आणि लोक तिथे पोचलेत. रविवारी खेड्यांतल्या बस जवळजवळ नसतातच, टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बागेकडे चालत जावं. जवळच्या चिपिंग कॅम्पडेन गावाहून शेतांमधून हिडकोटला पायवाटा आहेत. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी मुखपृष्ठाचा नकाशा घ्या, कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या प्रदेशाचा क्रमांक ओएल ४५. त्यात हिरव्या तुटक रेषा म्हणजे चालायच्या हक्काच्या वाटा. खाजगी शेतातून जात असली तरी वाट सार्वजनिक. पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा, निळा घोडेस्वारांनाही. फाटक जसं होतं तसं सोडायचं, बंद असेल तर बंद. मेंढ्यांच्या मधून, वाऱ्यावर हलणाऱ्या जवातून तासभर चालून घामेजलेल्या अंगाने त्या कुंपणांच्या आत शिरलं की वारा एकदम थांबतो. टिकावदादांनी वर जे लिहिलंय ते तेव्हा कातडीला कळतं. वाहनतळावरून आत गेलेल्याला नाही कळत.

आडवाटेचा_प्रवासी
हा मुद्दा मान्य. आम्ही वाहनतळावालेच.
पण ७१ वर्षांच्या बाईंना तासभर शेतातून चालवणार का?

पायवाट_धरून
नाही नाही, त्यांना नवरोबांबरोबर गाडीने पाठवावं. रानजाईने चालावं. :)

मोरपिशी
किफ्ट्सगेटबद्दल इशारा : खालच्या गच्चीवर अर्धगोल तलाव आहे, पलीकडे दरीचा मोकळा देखावा, अगदी बघण्यासारखा, पण उतार खडा आहे. उतरताना काही वाटत नाही. चढताना गुडघे हिशेब मागतात. वरचा भाग मात्र सपाट आहे आणि तिथेच तो प्रसिद्ध गुलाब.

ही बाग तीन पिढ्यांतल्या बायकांनी केलीय : आजी हेदर मुर, मुलगी डायनी बिनी, नात ॲन चेंबर्स. आजीने १९२० च्या सुमाराला सुरुवात केली, कागदावर आखणी न करता, जसं सुचेल तसं. शेजारी जॉन्स्टन, त्याच्याशी मैत्री, रोपांची देवाणघेवाण. त्या गुलाबाचं रोप १९३८ मध्ये लावलं. तो इतका माजला की आता त्याचं नावच "किफ्ट्सगेट" आहे, झाडांवर चढत जातो आणि फुलला की पांढरा धबधबा. नातीने टेनिस कोर्ट काढून तिथे काळ्या पाण्याचा चौकोन केला. त्यात स्टीलच्या देठांवर सोनेरी मुलाम्याची २४ पानं उभी आहेत, फिलोडेंड्रॉनच्या पानांचे ठसे घेऊन बनवलेली. एक फूल नाही. आजीला आवडलं असतं का, यावर मी आणि माझी बहीण अजून भांडतो.

हिडकोट एका माणसाच्या डोक्यातली, किफ्ट्सगेट घरातल्या बायकांच्या हातातली. दोन्ही लागोपाठ बघण्यात अर्थ आहे. केंटला ओढायला आले होते आणि इथेच घसरले बघा.

निमित्तमात्र
अवांतर : बागांमध्ये "फिंगर ब्लाइट" नावाचा रोग असतो, इथले माळी हसत हसत सांगतात. म्हणजे बोटांचा रोग. लक्षण : चांगल्या झाडाची फांदी नखाने तुटलेली आणि जवळपास मोठी पर्स असलेली एक सभ्य बाई. आमची एक आत्या या रोगाची वाहक आहे. मिटलेल्या छत्रीत कलम घालून निघाली होती आणि दारात पाऊस आला. पुढचं सांगत नाही.

(गमतीचा भाग सोडा. तोडू नका. आणि वसंतात ब्लूबेलचे कंद रानातून उपटणं तर इथे कायद्याने गुन्हा आहे, १९८१ चा वन्यजीव कायदा.)

रानजाई
बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना निमित्तमात्र यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "छत्री उघडायचीच नाही ना मग."

ठरलं : हिडकोट आणि किफ्ट्सगेट, बस. शनिवारी एक, रविवारी एक. आडवाटेचा_प्रवासी, तुमचा मुद्दाही पटतो की पुन्हा जाणं होईल न होईल, पण मला यादी संपवल्याचं समाधान नकोय या वेळी. अजून काही राहिलं असेल तर सांगा.

निवांत_काका
दोन सूचना. पहिली : दार उघडताच आत जा किंवा बंद व्हायच्या आधीच्या दीड तासात. मधल्या वेळात गर्दी आणि डोक्यावरचं ऊन, दोन्ही रंग खातात. जूनमध्ये इथे नऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे बाग बंद झाल्यावरही गावात भटकायला चार तास उजेड आहे. कॅम्पडेनचं लोकरीच्या पैशातून उभं राहिलेलं चर्च आणि १६२७ चा दगडी बाजारमंडप बघा, मधाच्या रंगाचा दगड संध्याकाळी पेटल्यासारखा दिसतो.

दुसरी : पिवळी पाटी दिसली तर गाडी थांबवा. ती नॅशनल गार्डन स्कीमची. ही योजना १९२७ पासून चालू आहे. पहिल्या वर्षी ६०९ लोकांनी आपापल्या खाजगी बागा माणशी एका शिलिंगात उघडल्या आणि परिचारिकांच्या कामासाठी ८,१९१ पाउंड जमवले. आज तीन हजारांहून जास्त बागा वर्षातून एकदोन दिवस अशा उघडतात. कुणाच्या तरी परसातल्या आठ वाफ्यांपाशी मालकीण स्वतः उभी असते आणि विचाराल ते सांगते. मोठ्या बागेत हे मिळत नाही.

ऋतुगंध
आणि पुढच्या वेळेसाठी राउशम लक्षात ठेव. ऑक्सफर्डशर, विल्यम केंटची, १७३८ ते ४१ ची आखणी, जवळजवळ तशीच. उपाहारगृह नाही, दुकान नाही, १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. काहींना हे उद्धट वाटतं. मला तिथे अख्ख्या सकाळी चार माणसं आणि काही लांब शिंगांच्या गाई भेटल्या, मी तक्रार करणार नाही.

रानजाई
आलो जाऊन! वृत्तांत.

शनिवारी पाऊस. झिमझिम नाही, चांगला सरळ पाऊस. मी चालत जायचं ठरवलं होतं आणि गेले (पायवाट_धरून, तुमच्या नावाने बोटं मोडली). एका फाटकापाशी चिखल घोट्यापर्यंत, पुढच्या शेतात मेंढ्या माझ्याकडे बघून विचारात पडलेल्या. नकाशा भिजून त्याचा लगदा. दोनदा चुकले. पण टेकडीच्या माथ्यावर वारा असा होता की छत्री उलटी झाली आणि तिथून कुंपणाच्या आत शिरल्यावर खरंच थांबला. एकदम. पाऊस पानांवर वाजत होता, पण वारा नाही. पहिली पाच मिनिटं मी काही बघितलंच नाही, नुसती उभी.

पावसाने गर्दी पळाली होती. त्या लाल पट्ट्या ओल्या झाल्यावर जवळजवळ काळ्या दिसत होत्या, मधूनच एखादं फूल निखाऱ्यासारखं. लांब वाटेच्या टोकाला पोचले, फाटकापलीकडे फक्त ढग. आकाश म्हणतात ते मिळालं नाही, पण ढगही चालला.

सासूबाईंनी तीन खोल्या बघितल्या आणि एका बाकावर बसल्या. वरती झाडाची दाट फांदी, खाली कोरडं. शेजारच्या वाफ्यात एक माळीणबाई गुलाबाची सुकलेली फुलं काढत होत्या. मी फिरून तासाभराने आले तर दोघींचं चालू : सासूबाई मराठीत, त्या इंग्रजीत, मधे हातांची कात्री. सासूबाईंचं म्हणणं, फूल काढताना खालच्या पाच पानांच्या डहाळीपर्यंत यायला हवं. माळीणबाई ऐकून घेत होत्या, मग त्यांनी स्वतःची पद्धत करून दाखवली. सासूबाईंनी मान हलवली, म्हणजे पटलं नाही. दोघी खूश. पर्स मी तपासली, रिकामी होती.

रविवारी ऊन. किफ्ट्सगेट. गुलाब अर्धा फुललेला, खालचा भाग कळ्यांचा, वर पांढरं, आणि वास आधी येतो, झाड नंतर दिसतं. खालच्या तलावाकडे मी आणि नवरा गेलो. सासूबाई वरून हात करत होत्या. मोरपिशी, सोनेरी पानांपाशी नवरा म्हणाला, "हे इथे कशाला?" आणि मी वीस मिनिटं तिथून हलले नाही. म्हणजे तुमचं भांडण आमच्या घरी आलंय.

पिवळी पाटी दिसली नाही. शोधत मात्र होतो. पाच फोटो डकवतेय.

टिकाव_घमेलं
वा! पावसात हिडकोट मी कधी पाहिलं नाही, हेवा वाटतोय. गुलाबाच्या बाबतीत सासूबाईंची जुनी पद्धत. हल्ली कितीतरी माळी फक्त वाळलेलं फूल त्याच्या देठाच्या गाठीशी मोडतात, पानं जितकी राहतील तितकं झाड जोमात, म्हणून. दोघींचंही बरोबर म्हणायला जागा आहे, पण हे सासूबाईंना सांगू नका.

आडवाटेचा_प्रवासी
वृत्तांत आवडला. पाऊण तासात मी काय काय सोडून आलो याची यादी केली, लांब झाली.

पाचवा फोटो सगळ्यांत भारी. दगडाच्या भिंतीतून बाहेर आलेले ते गुलाबी-लाल झुपके. हिडकोटच्या कुठल्या खोलीत आहे हे? आम्ही नक्कीच चुकवलंय.

रानजाई
तो बागेतला नाही हो. कॅम्पडेनला टॅक्सीची वाट बघत होतो, तिथल्या एका घराची भिंत. रेड व्हॅलेरियन, कुणी लावत नाही म्हणे, दगडांच्या फटीत आपोआप उगवतं. सासूबाईंनी काढलाय फोटो.